मुंबई ते कोलंबो : १५२५ किलोमीटर, अडीच तास आणि आपण



आपल्या वस्तीत कोणालाही विचारा, श्रीलंका किती लांब? उत्तर ठरलेले असते : "लई लांब. समुद्रापलीकडं." आणि कोलकाता? "ते आपल्याच देशात. गाडीनं जाता येतं." आता खरा हिशेब ऐका. मुंबईच्या विमानतळापासून कोलकात्याच्या विमानतळाचे हवाई अंतर सुमारे १६६५ किलोमीटर आहे. मुंबईपासून कोलंबोचे अंतर सुमारे १५२५ किलोमीटर. म्हणजे ज्या सिंहलद्वीपाला आपण सातासमुद्रापलीकडे टाकून दिले आहे, ते आपल्याला कोलकात्याहून जवळ आहे. बुद्धगयेला जाण्यासाठी आपण ज्या गयेला उतरतो ती हवाई मार्गाने मुंबईपासून सुमारे १४०० किलोमीटर. म्हणजे गयेच्या पुढे फार तर सव्वाशे किलोमीटरची भर घाला, की तितक्या अंतरावर कोलंबो.

हे अंतर आपल्याला लांब का वाटते? कारण अंतर आपण किलोमीटरमध्ये मोजत नाही. ज्या गावाला आपला माणूस जाऊन आला ते जवळ, आणि ज्या गावाला कोणी गेले नाही ते लांब, अशी आपली मोजपट्टी. जिथे आपल्या आजोबा-पणजोबांना गावच्या पाणवठ्यापर्यंतचे अंतरसुद्धा ओलांडता येत नव्हते, तिथे समुद्र ओलांडण्याचा विचार कोणी करायचा? म्हणून हा विषय नुसत्या भूगोलाचा नाही. तो आपल्या माणसांच्या हिमतीचा आणि त्यांच्या कष्टाच्या पैशाचाही आहे.

नागपूरच्या सरळ खाली

घरात शाळकरी मुले असतील तर त्यांना नकाशा घेऊन बसवा. नागपूरवर बोट ठेवा आणि सरळ खाली, दक्षिणेकडे या. आंध्र-तेलंगणाच्या भूमीवरून, तामिळनाडूवरून बोट खाली येते आणि श्रीलंकेच्या अगदी जवळ टेकते. नागपूर ७९ रेखांशावर आहे आणि कोलंबो जवळजवळ ८० वर. दीक्षाभूमी आणि सिंहलद्वीप ही जणू एकाच ओळंब्यात आहेत.

आता गणित करू. नागपूर सुमारे २१ अक्षांशावर, कोलंबो सुमारे ७ अक्षांशावर. फरक १४ अंशांचा. एका अक्षांशाचे अंतर १११ किलोमीटर धरतात. १४ गुणिले १११ म्हणजे १५५४ किलोमीटर. इतक्या सोप्या गुणाकाराने नागपूर-कोलंबो अंतर निघाले! मुंबईवाल्यांना आणि नागपूरवाल्यांना कोलंबो जवळजवळ सारखेच लांब आहे.

मुंबईचे अंतर काढताना एवढा सोपा गुणाकार चालत नाही, कारण कोलंबो मुंबईच्या सरळ खाली नसून तिरके, आग्नेयेला आहे. त्यासाठी शाळेतला पृथ्वीचा गोल आणि दोरा घ्या. गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा असेल तर त्याचा घेर सुमारे ९४ सेंटीमीटर भरतो. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबईपासून कोलंबोपर्यंत दोरा ताणून धरा. तो साडेतीन सेंटीमीटरच्या किंचित वर भरेल. हा ताणलेला दोरा म्हणजेच हवाई अंतर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून लांबची अंतरे मोजली तर चूक होते, कारण पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट.

अडीच तास कशाचे?

प्रवासी विमान एकदा वर चढले की ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. मग १५२५ किलोमीटरला दोन तासांहून कमी लागायला हवेत. तिकिटावर मात्र अडीच तास, काही वेळा त्याहून थोडे अधिक छापलेले असते. हा फरक कुठून आला?

तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलते तेव्हापासून ते मुक्कामाला जागेवर उभे राहते तोपर्यंतची असते. मुंबईच्या विमानतळावर गर्दी मोठी, धावपट्टीपर्यंत रांगेने जावे लागते. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. उतरण्यासाठी परवानगीची वाट पाहत कधी घिरट्या घालाव्या लागतात. आपली लोकल दोन स्टेशनांमध्ये कितीही जोरात धावली तरी सिग्नल आणि थांबे धरूनच तिचे वेळापत्रक बनते, तसेच हे.

वाऱ्याचाही हिशेब असतो. पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी लागला तर विमान लवकर पोहोचते आणि पश्चिमेकडे परतताना तोच वारा समोरून येऊन उशीर करतो. बँकॉकला जाणाऱ्यांना हा फरक जाणवतो. मुंबई-कोलंबो मार्ग बराचसा उत्तर-दक्षिण असल्याने येथे जाण्यायेण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही.

घड्याळाची गोष्टही समजून घ्या. तिकिटावर निघण्याची वेळ तिथल्या गावची आणि पोहोचण्याची वेळ त्या दुसऱ्या गावची छापतात. बँकॉकचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे. रात्री ११ ला निघून पहाटे ५ ला पोहोचलात तर प्रवास सहा तासांचा झाला असे वाटेल. खरा साडेचार तासांचाच. श्रीलंकेबाबत ही कटकट नाही. १९९६ पासून काही वर्षे श्रीलंकेचे घड्याळ आपल्यापेक्षा पुढे होते. पण एप्रिल २००६ पासून दोन्ही देशांची वेळ एकच आहे. विहारात आपण सायंकाळी ७ ला वंदनेला बसतो तेव्हा कोलंबोच्या विहारातही सातच वाजलेले असतात.

दारापासून दारापर्यंत

जाहिरातीत लिहितात, "अडीच तासांत श्रीलंका!" ते खोटे नाही, पण पुरेही नाही. आपल्यासारख्या चाकरमान्याने आणि रोजंदारीवाल्याने हिशेब करायचा तो घराच्या उंबऱ्यापासून.

कल्याण किंवा अंबरनाथहून विमानतळावर पोहोचायला दोन तास धरा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहायला सांगतात. विमानात अडीच तास. उतरल्यावर पारपत्र तपासणी आणि सामान मिळेपर्यंत एक तास. विमानतळ कोलंबो शहरात नाही, तर शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कटुनायके येथे आहे. तिथून अनुराधपूरला जायला मोटारीने चार-पाच तास. बेरीज करा : साडेबारा ते साडेतेरा तास. पैकी आकाशात फक्त दोन-अडीच!

तरीही हा आकडा पुन्हा एकदा पाहा. मुंबईहून रेल्वेने नागपूर ८३७ किलोमीटर. साधारण १२ ते १५ तासांचा प्रवास. अशोकविजयादशमीला दीक्षाभूमीवर जाताना आपण तो गर्दीत, दरवाजाजवळ बसून, पोरेबाळे मांडीवर घेऊन करतो. तेवढ्याच वेळात सम्राट अशोकाच्या कन्येने नेलेल्या बोधिवृक्षाच्या सावलीत पोहोचता येते.

नागपूर-विदर्भाच्या बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. मुंबईमार्गे कोलंबोला गेलात तर एकूण २२०० किलोमीटर होतात. चेन्नईमार्गे गेलात तर नागपूर-चेन्नई सुमारे ९१० आणि चेन्नई-कोलंबो सुमारे ६५०, मिळून १५६०. चेन्नईमार्गाचा फेरा जवळजवळ शून्य, कारण चेन्नईसुद्धा त्याच ओळंब्यात आहे. चेन्नईहून कोलंबोचे विमान सव्वा ते दीड तासात पोहोचते. ज्यांना खर्च आटोक्यात ठेवायचा आहे त्यांनी चेन्नईपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे विमान धरले तर किती पडते, तेही एकदा मांडून पाहावे.

चौदा दिवस, चौदा रात्री

आता मागे वळून पाहू. इ.स. पाचव्या शतकात चिनी भिक्खू फाहियान बंगालमधील ताम्रलिप्ती बंदरातून व्यापारी जहाजात बसला. हिवाळ्याचे वारे सुरू झाल्यावर ते जहाज निघाले आणि चौदा दिवस, चौदा रात्रींनी सिंहलद्वीपाला लागले. विनयपिटकाचे ग्रंथ मिळवण्यासाठी हा भिक्खू चीनमधून पायी भारतात आला होता. लंकेत तो दोन वर्षे राहिला. अनुराधपूरच्या विहारात कोणीतरी वाहिलेला चिनी पंखा पाहून त्याला मायदेशाची आठवण आली आणि डोळे भरून आले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. आपल्या घरातून मुंबईला पहिल्यांदा मिलमध्ये कामाला आलेल्या माणसांना हे दुःख सांगावे लागणार नाही.

फाहियानच्या सहाशे वर्षांहून अधिक आधी याच ताम्रलिप्तीहून संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली. तिच्या आधी तिचा भाऊ महेंद्र थेर गेला. महेंद्राचे आगमन जेथे झाले ते मिहिंतले अनुराधपूरपासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. श्रीलंकेत ज्येष्ठ पौर्णिमेला पोसोन म्हणून तो दिवस साजरा होतो आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला संघमित्रेचा. अनुराधपूरचा बोधिवृक्ष आजही उभा आहे. माणसाने लावलेल्या आणि लावल्याची नोंद असलेल्या झाडांत तो जगातला सर्वात जुना मानला जातो.

आणि मुंबईचा संबंध? नालासोपाऱ्याहून रोज लोकलने लोंबकळत येणाऱ्या आपल्या बांधवांनी हे वाचावे. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. सिंहली राजवंशाचा मूळपुरुष विजय याचे जहाज लंकेला जाण्यापूर्वी सुप्पारकाला लागले होते, असे महावंस हा पाली ग्रंथ सांगतो. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आणि तेथील स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उकरून जगापुढे आणला. म्हणजे आपली लोकल जिथून सुटते तिथले नाव लंकेच्या सर्वात जुन्या ग्रंथांत नोंदलेले आहे.

बोट, आगगाडी आणि विमान

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंकेला जाणारा माणूस मद्रासहून आगगाडीने तुतिकोरिनला जाई आणि तिथून आगबोटीने कोलंबोला. गोव्याच्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये पाली शिकण्यासाठी लंकेला गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांचे शिष्य झाले. मराठीत तथागताचे चरित्र आणि उपदेश मूळ पालीवरून आणणाऱ्या या विद्वानाची पुस्तके बाबासाहेबांच्या पिढीने वाचली.

१९१४ मध्ये पांबनचा समुद्रपूल झाल्यावर आगगाडी धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागली. तिथून पलीकडचे तलैमन्नार जेमतेम तीस किलोमीटर. ते बोटीने ओलांडायचे आणि पुन्हा आगगाडीत बसायचे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केले, आगगाडी समुद्राने गिळली आणि तो मार्ग संपला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तामिळनाडूतील नागपट्टणम आणि श्रीलंकेतील कांकेसंतुरै यांच्यामध्ये प्रवासी बोट सुरू झाली. पण समुद्र खवळला की ती थांबते. आपल्या कुटुंबांसाठी आजही भरवशाचा मार्ग विमानाचाच.

त्या मार्गाने कोण गेले, कोण आले

कोलंबोत १८६४ साली जन्मलेले अनागारिक धर्मपाल १८९१ मध्ये बुद्धगयेला आले. महाविहाराची दुर्दशा पाहून त्यांनी त्याच वर्षी कोलंबोत महाबोधी सभेची स्थापना केली आणि सारे आयुष्य भारतात धम्म परत आणण्यासाठी वेचले. १९३३ मध्ये सारनाथला त्यांचे निधन झाले.

मे १९५० मध्ये परमपूज्य बाबासाहेब श्रीलंकेला गेले. कँडी येथे जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची पहिली परिषद भरली होती. डॉ. मललशेखर तिचे पहिले अध्यक्ष. बाबासाहेबांना तेथे बौद्ध देश कसा जगतो हे डोळ्यांनी पाहायचे होते. पुढे डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनच्या परिषदेला गेले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या. कोलंबो, रंगून, काठमांडू : प्रकृती ढासळत असताना त्यांनी केलेले हे तीन प्रवास नकाशावर जोडून पाहा. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर महाबोधी सभेचे सरचिटणीस देवप्रिय वलिसिंह हजर होते. ते मूळचे श्रीलंकेचे आणि धर्मपालांचे शिष्य. नागपूर-कोलंबो या सरळ रेषेवरून धम्म परत आला, तो असा.

पण खोटा गोडवा गाऊ नये. जातीचे विष तिथेही पोहोचले होते. १७५३ मध्ये सयामहून आलेल्या उपाली थेरांनी कँडीत उपसंपदा पुन्हा सुरू केली. पुढे त्या निकायाची दारे फक्त वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीसाठी उघडी राहिली. तेव्हा इतर जातींतले काही श्रामणेर गप्प बसले नाहीत. इ.स. १८०० च्या सुमारास ते समुद्र ओलांडून ब्रह्मदेशातल्या अमरपूरला गेले, तिथे उपसंपदा घेऊन परतले आणि त्यांनी अमरपूर निकाय स्थापला. घरच्या विहारात दार बंद म्हणून शेकडो कोसांवरचे दार ठोठावणारी ही माणसे आपल्याला परकी वाटतील काय? श्रीलंकेला जाल तेव्हा फक्त सोन्याचे कळस पाहू नका, हा इतिहासही पाहा.

पैसा कष्टाचा आहे

आता कळकळीचे दोन शब्द. आपल्या वस्त्यांत महिला मंडळे भिशी लावून, पतपेढीतून पैसे काढून यात्रेची रक्कम जमवतात. धुणीभांडी करून जमवलेला तो पैसा असतो. आमच्या परिचयाच्या एका वस्तीतील उपासिकांना एका यात्रा-संयोजकाने "अडीच तासांत कोलंबो" असे सांगून नेले. प्रत्यक्षात तिकीट दोन विमानांचे होते. मधल्या शहरात रात्रभर नऊ तास खुर्चीवर काढावे लागले. सत्तरीच्या एका आजीचे पाय इतके सुजले, की दुसऱ्या दिवशी अनुराधपूरला तिला गाडीतून उतरता आले नाही. आयुष्यभर ज्या झाडाचे नाव घेतले, ते तिने गाडीच्या खिडकीतून पाहिले. तिकिटावर सारे छापलेले होते. पण पैसे भरण्यापूर्वी ते तिकीट कोणी मागितले नाही आणि कोणी दाखवले नाही.

म्हणून पैसे देण्यापूर्वी हे विचारा :

विमान थेट आहे की बदलायचे आहे? बदलायचे असेल तर मध्ये किती तास? रात्री की दिवसा? सामान पुन्हा आपल्याला उचलावे लागेल काय?

विमानतळापर्यंतचा खर्च, तिथली राहण्याजेवण्याची सोय, अनुराधपूर-कँडीचा मोटारप्रवास हे सगळे रकमेत धरले आहे काय? लेखी द्या म्हणावे. पावती घ्यावी.

पारपत्राची मुदत परतल्यानंतरही किमान सहा महिने शिल्लक असावी. श्रीलंकेचा प्रवेशपरवाना आधी संगणकावरून काढतात. त्याचे नियम आणि शुल्क बदलत असतात. तेव्हा सरकारी ठिकाणीच खात्री करावी, मध्यस्थाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. आपल्या मायबहिणींची नावे शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी, रेशनकार्डावर तिसरी असतात. ती दुरुस्ती यात्रेच्या वर्षभर आधी करून ठेवा.

म्हाताऱ्या माणसांची रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या सामानात नको. हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी तेलाची वा पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत. विमानात अधूनमधून उठून चार पावले चाला. चालणे अवघड असेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा. त्यात लाज कसली?

तिथे गेल्यावर विहारात पांढरी वस्त्रे नेसा. तिथलेही उपासक पांढरेच नेसतात. पादत्राणे बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नका. तो तिथे मोठा अनादर समजतात. दर पौर्णिमेला श्रीलंकेत सार्वजनिक सुटी असते. त्या दिवशी विहारांत गर्दी असते, पण पाहण्यासारखा दिवस तोच.

शेवटचा ताळा

सर्वांनीच श्रीलंकेला जावे असे मला म्हणायचे नाही. मुलीची फी थकली असेल तर आधी फी भरा. कर्ज काढून यात्रा करा असे तथागताने कुठे सांगितलेले नाही. पण ज्यांना जायचे आहे त्यांनी भीतीपोटी थांबू नये आणि भोळेपणाने फसू नये. विहाराच्या सभेत नकाशा टांगा, मुलांकडून दोऱ्याने अंतर मोजून घ्या, तासांचा आणि रुपयांचा हिशेब फळ्यावर मांडा आणि मग गटाने ठरवा. दोन-तीन वर्षे महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले तर तुमच्या चाळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या उपासिकेला बोधिवृक्षाखाली बसवता येईल; गाडीच्या खिडकीतून नव्हे.

फाहियानला चौदा दिवस लागले. आपल्याला अडीच तास लागतात. मधली वाट मोकळी करण्यासाठी मात्र बाबासाहेबांना अख्खे आयुष्य द्यावे लागले, एवढे तिकीट हातात घेताना लक्षात ठेवावे.

जयभीम! नमो बुद्धाय!